उठलात तर नंबर गेला

३ फेब्रुवारी, सोमवार

आत्या,

साष्टांग नमस्कार घातलाय असं समज. खरा घालता येत नाही, गुडघ्याला लागलंय. जिना उतरताना पायऱ्या मोजत होते, एक जास्त मोजली.

तूच म्हणालीस, "फोनवर तू मला हसवतेस आणि विषय बदलतेस. पत्र लिहायचं. खाडाखोड चालेल, थापा चालणार नाहीत." दहावीला दोनदा बसलेल्या मुलीला पत्रं लिहायला लावतेस, देव तुझं भलं करो. इथल्या छोट्या दवाखान्यातून रोज सकाळी रक्ताचे नमुने घेऊन एक गाडी तुमच्या मोठ्या हॉस्पिटलात येते ना, त्या गाडीने हे पत्र येईल. ड्रायव्हरदादा म्हणाला, "थंड पेटीत ठेवतो, नासणार नाही."

आणि त्या लिफ्टचं एकदाच बोलून टाकते. 'ही लिफ्ट आता आवाजावर चालते, मजला मोठ्याने सांगावा' ही चिठ्ठी मी लावली, कबूल. पण तुमच्या बिल्डिंगमधले लोक 'चौथा! चौथा!' असं बोंबलून शेवटी बटणच दाबायचे आणि दुसऱ्या दिवशी परत बोंबलायचे, हा काय माझा दोष? त्याची शिक्षा म्हणून मला शहराच्या या टोकाला, तुझ्या मैत्रिणीच्या संस्थेत डबे वाटायला पाठवलंस. ठीक आहे. भोगतेय.

संस्था म्हणजे तीन खोल्या, एक भलंमोठं स्वयंपाकघर आणि तुझी मैत्रीण, मास्तरीणबाई. शाळेतून निवृत्त झाल्या पण आवाज अजून नोकरीवर आहे. रोज एकेचाळीस डबे, सगळे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे. आणि एक नियम: डबा दारात ठेवून पळायचं नाही. समोरच्याने झाकण उघडून पहिला घास घेईपर्यंत तिथंच बसायचं. मी म्हटलं, "का, टाकून देतील म्हणून?" त्या म्हणाल्या, "नाही गं. माणसाला मनातलं बोलायला साधारण तेवढाच वेळ लागतो."

माझे सगळ्यात लाडके म्हणजे एकोणिसावा डबा. दुसरा मजला, लिफ्ट नाही (म्हणून मी अजून निरागस). एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. पहिल्या दिवशी दार उघडलं आणि म्हणाले, "तिकीट?"

"आजोबा, डबा आणलाय."

"डब्याचं हाफ, तुझं फुल. चला, पुढे सरका, पुढे सरका, दारात गर्दी करू नका." जिन्यात मी एकटी होते, आत्या.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेच्या वॉचमनची टोपी घालून गेले. "तपासनीस! जेवणाचा पास दाखवा." बिचारे दोन मिनिटं खरंच खिसे चाचपत होते. मग इतके हसले की मला पाणी आणून द्यावं लागलं. तेव्हापासून आमची गट्टी.

पण त्यांच्या कपाळावर पट्टी आहे. दोन महिन्यांत तीनदा पडलेत घरात. मुलगी लांबच्या शहरात असते, तिने जीव खाल्लाय, घर बंद करा आणि वृद्धाश्रमात चला म्हणून. येत्या अठ्ठावीसला, शुक्रवारी, तुमच्याच हृदयाच्या ओपीडीत त्यांची तपासणी आहे. मुलगी येणार आहे, आणि यांनी एकटं राहायचं की नाही हे डॉक्टर सांगणार आहेत. कंडक्टर म्हणाले, "तिकडे एकदा सोडलं की परतीची बस नसते." म्हणाले आणि हसले. ते हसणं मला आवडलं नाही.

तुझी (सुधारत असलेली)
भिंगरी

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चि. भिंगरीस, लायकी नसताना अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. बर्फासारखं गार होतं, वाचताना बोटं बधिर झाली. लिफ्टबद्दल तुला पश्चात्ताप नाही हे ओळीओळीतून दिसतंय. खालच्या मजल्यावरचे काका अजून 'तळमजला' म्हणून लिफ्टमध्ये खाकरतात. असो.

आता माझी कटकट ऐक. आज ओपीडी होती. तुमच्या बाजूची म्हातारी माणसं आली, नेहमीसारखी पाय सुजवून. हृदय अशक्त झालं की अंगात पाणी साठतं, ते लघवीवाटे निघून जावं म्हणून रोज सकाळी एक गोळी असते. डॉक्टर विचारतात, "गोळी घेता?" "घेतो." "रोज?" "अगदी रोज." आणि पाय बघावेत तर उशा. बोट दाबलं की खड्डा पडतो. मग डॉक्टर काय करणार, गोळी वाढवतात. पुढच्या महिन्यात परत तेच. एकोणीस वर्षं इथे सिस्टर आहे मी, पण तुमच्या भागाइतकी गोड बोलून खोटं सांगणारी माणसं मी पाहिली नाहीत. तुला तिथलं पाणी लगेच मानवणार.

तू रोज एकेचाळीस घरांत बसतेस. आम्ही एका माणसाला महिन्यातून चार मिनिटं बघतो, त्यातली दोन तो शर्टाची बटणं काढण्यात घालवतो. जरा डोळे उघडे ठेव. गोळ्यांचं काय होतं ते कळलं तर मला कळव. पण यापुढे कुणाचं नाव, काम, मजला, काही लिहू नकोस. लोकांनी घरात बसून सांगितलेलं असतं ते.

गुडघ्याला काहीतरी लाव.

आत्या

११ फेब्रुवारी, मंगळवार

आत्या!

सापडलं! मी आता डिटेक्टिव्ह आहे, मला नीट मान देत जा.

आज कंडक्टरांच्या (माहितेय, माहितेय, नाव नको, पण तुला सांगणं म्हणजे घरात सांगणं) कपाटावर एक पत्र्याचा डबा दिसला. वाटलं बिस्किटं. उघडला तर आत सुट्या गोळ्या. पांढऱ्या, बारक्या, डझनभर तरी असतील. मी म्हटलं, "आजोबा, हे काय, दुकान टाकताय?"

घास हातातच राहिला त्यांचा. म्हणाले, "झाकण लाव."

मी लावलं. आणि गप्प बसले. मी गप्प बसले की माणसं घाबरतात, तुला अनुभव आहे. शेवटी तेच बोलले.

ती लघवीची गोळी. तपासणीच्या आदल्या दिवशीची आणि तपासणीच्या दिवशीची, अशा दर वेळी दोन मागे राहतात. कारण ऐक. सकाळी सात दहाची बस, दीड तास प्रवास, वाटेत कुठे थांबत नाही. मग तुमच्याकडे नंबर लावायचा आणि बाकावर बसायचं, दोन-दोन तास. संडास वरच्या मजल्यावर. तिथवर जाऊन येईपर्यंत नाव पुकारलं तर नंबर गेला, परत शेवटून रांग. ती गोळी घेतली की माणसाला दर अर्ध्या तासाला जावं लागतं. कसं जमायचं?

आणि एकदा गोळी घेऊन गेले होते ते. गेल्या वर्षी. बसमध्ये आवरलं नाही. आत्या, ज्या बसमध्ये एकतीस वर्षं खाकी कपडे घालून ऐटीत उभे राहिले त्याच बसमध्ये. ड्रायव्हर ओळखीचा होता. त्याने आरशातून बघितलं आणि नजर काढून घेतली. "शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं," म्हणाले. "कुणाला सांगू नकोस."

म्हणून मी फक्त तुलाच सांगतेय. मला वाटतं बाकीच्यांचंही असंच असेल. काहीतरी कर ना. तू सिस्टर आहेस, तुझं तिथे सगळे ऐकतात, डॉक्टरसुद्धा घाबरतात असं तूच सांगतेस.

तुझी
भिंगरी (गुप्तहेर)

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

भिंगरे,

शाब्बास. पहिल्यांदाच तुला हा शब्द लिहितेय, जपून ठेव.

लगेच काम केलं. आज डॉक्टरांना सांगितलं की अमुक पेशंट गोळ्या चुकवतो. पट्टीवरून आणि तू सांगितलेल्या धंद्यावरून मी ओळखलंच होतं कोण ते. डॉक्टरांनी केसपेपरवर तशी नोंद केली आणि ऑफिसातून घरच्या माणसाला फोनही गेला. आता घरून नीट समज मिळेल आणि गोळ्या वेळेवर घेतील. संडासाचं म्हणशील तर लाजायचं काय त्यात? सांगायचं आम्हाला. आम्ही काय परके आहोत?

एक जीव सुधारला तर तुझी शिक्षा एका आठवड्याने कमी.

आत्या

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आत्या,

नमस्कार नाही आज.

घरचं माणूस म्हणजे त्यांची मुलगी. तिने त्यांना फोन केला. "बाबा, तुम्ही गोळ्या चुकवता आणि डॉक्टरांशी खोटं बोलता. तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय. आता एकटं राहणं बंद, अठ्ठावीसला मी सगळं ठरवूनच येते." हे मला वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं, मुलगी त्यांनाही फोन करते. कंडक्टरांनी नाही. कारण कंडक्टर दारच उघडत नाहीत.

शनिवारी बेल वाजवली. आतून आवाज आला, "गाडी फुल आहे." मला वाटलं गंमत. मी म्हटलं, "उभ्याने येते." तर म्हणाले, "पुढच्या थांब्यावर उतर." त्या आवाजात गंमत नव्हती, आत्या. रविवारी तेच. काल डबा दाराबाहेर तसाच होता. आजही.

मी मास्तरीणबाईंना सगळं सांगून टाकलं. वाटलं फोडून काढतील. त्या ओरडल्याच नाहीत, ते जास्त वाईट. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मग म्हणाल्या, "त्यांचं नाव पोचलं आणि कारण इथेच राहिलं. उलटं व्हायला हवं होतं."

कागदावर काय लिहिलंय? 'गोळ्या चुकवतो.' मजला, रांग, बस, त्यातलं काही लिहिलंय? तू म्हणालीस, सांगायचं आम्हाला. सांगितलं ना त्यांनी. मला सांगितलं, आणि बघ काय झालं.

चूक माझीच आहे, माझ्या तोंडाला झाकण नाही. पण थोडी तुझीही आहे आणि ती मी पत्रात लिहितेय, कारण फोनवर मी तुला हसवलं असतं.

भिंगरी

२० फेब्रुवारी, गुरुवार

भिंगरे,

तुझं पत्र मी ड्यूटीवर वाचलं. मग घरी येऊन परत वाचलं.

थोडी नाही, निम्म्याहून जास्त माझी आहे. नावं लिहू नकोस असं तुला शिकवलं आणि पेशंट कोण ते स्वतःच हुडकून वर कळवून मोकळी झाले. आणि कारण तू पानभर लिहिलं होतंस, ते मी गाळलं.

आज सकाळी एक प्रयोग केला. घरून निघताना चार ग्लास पाणी प्यायले. ओपीडीत पेशंटच्या बाकावर बसले आणि घड्याळ लावलं. पंचवीस मिनिटांत माझी अवस्था अशी झाली की शेजारचा पेशंट म्हणाला, "सिस्टर, छातीत दुखतंय का?" उठले आणि मोजत गेले. बाकापासून वरच्या मजल्यावरच्या संडासापर्यंत दोनशे बारा पावलं, त्यात छत्तीस पायऱ्या. मी धडधाकट आहे. येताना कठडा धरून आले.

आणि बाकापासून अकरा पावलांवर एक संडास आहे. त्याला कुलूप असतं, वर पाटी, 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी'. किल्ली माझ्या कमरेला. एकोणीस वर्षं मी रोज त्या बाकांपुढून तिथे जातेय. शपथेवर सांगते, माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मंगळवारी, पंचवीसला, विभागाची मीटिंग आहे. मोठे डॉक्टर, दोन ज्युनिअर, ऑफिसचे साहेब. मी तुमच्या संस्थेसाठी दहा मिनिटं मागून घेतली आहेत. साहेब म्हणाले, "डबेवाल्यांचं इथे काय काम?" मी म्हटलं, "ऐकल्यावर कळेल." पण एका माणसाची गोष्ट नको. किती जणांचं असं होतं ते हवं. नावं नकोत. आणि प्रत्येकाला विचारून.

कंडक्टरांना माझ्याकडून काय सांगशील? काहीच सांगू नकोस. मी समोर येऊन सांगेन.

आत्या

२४ फेब्रुवारी, सोमवार

आत्या,

नमस्कार! गुडघ्यासकट!

क्रमाने सांगते. शुक्रवारी मी कंडक्टरांच्या दारासमोर पायरीवर बसले आणि म्हटलं, "आजोबा, तुमचं एक गुपित मी फोडलं. आता माझं एक तुम्ही घ्या, म्हणजे फिटंफाट." आणि सांगितलं. सातवीत, शाळेच्या नाटकात मी झाड होते. पहिल्या अंकभर हलायचं नव्हतं. मी हलले नाही. पण झाडाखाली तळं झालं. आणि राजाचा पाय घसरला.

मी हे दाराला सांगत होते, पण जिन्यात आवाज घुमतो, हे लक्षातच आलं नाही. वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "मग राजाचं काय झालं?" खालून कुणीतरी हसून हसून खोकायला लागलं. आणि दार उघडलं. कंडक्टर उभे. डोळे लाल, पण मिशी थरथरत होती.

"तिकीट?" म्हणाले.

"फुकटी आहे मी आज. पकडा."

"आत ये. दंड भर. झाडाचं परत सांग, सुरुवातीपासून."

मग मी हात जोडून माफी मागितली, नीट, गंमत न करता. आणि मास्तरीणबाईंनी येऊन मंगळवारच्या मीटिंगचं सांगितलं. आमची अडचण अशी की कुणी हात वर करून 'हो, मला आवरत नाही' असं म्हणणार आहे का? कंडक्टर उठले आणि ट्रंकेतून तिकिटाला भोक पाडायचा चिमटा काढला, त्यांच्या नोकरीतला. अजून कट्ट करून वाजतो. म्हणाले, "माणूस बोलायला लाजतो. भोक पाडायला कोण लाजतंय?"

तर आम्ही कोऱ्या कार्डाची तिकिटं कापली. ज्यांना हृदयाची तपासणी असते अशी तेवीस माणसं निघाली. प्रत्येकाला तिकीट आणि चिमटा द्यायचा आणि आपण भिंतीकडे तोंड करून बसायचं. तपासणीच्या आधी गोळी टाळत असाल तर वर भोक. तपासणीनंतरच्या आठवड्यात चक्कर येऊन पडला असाल तर खाली भोक. मग तिकीट पिशवीत. मास्तरीणबाईंनी प्रत्येकाला विचारलं, "हे हॉस्पिटलात दाखवलं तर चालेल?" दोघे नाही म्हणाले. त्यांची तिकिटं त्यांच्यासमोरच फाडली. त्यांना मी एकदाही 'का' विचारलं नाही, हे माझ्या खात्यावर जमा कर.

राहिली एकवीस. वर भोक असलेली सोळा. त्या सोळातली बारा अशी की खालीही भोक.

मास्तरीणबाईंनी ती बारा टेबलावर एका ओळीत मांडली आणि खुर्चीत बसल्या. "म्हणजे गोळी टाळल्यामुळे पाय सुजतात," म्हणाल्या, "डॉक्टर सूज बघून गोळी वाढवतात, ही माणसं घरी येऊन ती वाढवलेली गोळी रोज इमानदारीने घेतात, आणि चक्कर येऊन पडतात." कंडक्टरांनी कपाळावरच्या पट्टीला हात लावला. त्यांच्या लक्षात आलं, आत्या. ते म्हातारपणाने पडत नव्हते.

उद्या आम्ही तिघं येतोय. कंडक्टर म्हणाले, "माझं नाव तिथे आधीच जाऊन आलंय. आता मीही जाऊन येतो." सरबत आम्ही आणतो, कळशीभर. घाबरू नकोस, सरबतात काही घालणार नाही. शपथ.

भिंगरी

२६ फेब्रुवारी, बुधवार

कार्टे,

सरबतात काही घालणार नाही म्हणालीस. घातलं नाहीस. पण पाजलंस किती!

तू कळशी रिकामी करून मास्तरीणबाईंच्या मागे जाऊन बसलीस, म्हणून तुला समोरचं दिसलं नसेल. डॉक्टर माझ्याकडे तोंड करून होते, म्हणून सांगते. मीटिंग रूमला रंग लागत असल्याने मीटिंग ओपीडीच्या हॉलमध्ये, पेशंटच्या बाकांवर घ्यावी लागली हा योगायोग. उन्हातून आलेले सगळे, प्रत्येकाने तीन-तीन ग्लास रिचवले. दारात कंडक्टर खाकी शर्ट घालून उभे, प्रत्येकाला नंबराचा बिल्ला देतायत. "साहेब, तुमचा चार नंबर. उठलात तर नंबर गेला."

वीस मिनिटांनी ऑफिसच्या साहेबांनी पायावर पाय टाकला. मग पाय बदलला. मग हळूच उठून जवळच्या संडासाकडे गेले तर दारावर कागद: 'दुरुस्ती चालू आहे. कृपया वरच्या मजल्यावर जावे.' साहेब गेले वर. पाठोपाठ एक ज्युनिअर. मोठे डॉक्टर मानी माणूस, ते बसून राहिले. पण कपाळावर घाम. शेवटी तेही उठले, आणि छत्तीस पायऱ्या चढून-उतरून धापा टाकत परत आले तर त्यांच्या जागेवर मास्तरीणबाई. कंडक्टर म्हणाले, "नंबर गेला, साहेब. मागून या."

मला वाटलं आता आकाश कोसळतंय. डॉक्टर उभेच राहिले. एकदा जिन्याकडे बघितलं, एकदा बाकाकडे. मग विचारलं, "माझ्या पेशंटना रोज हे करावं लागतं?"

"रोज नाही साहेब," कंडक्टर म्हणाले. "महिन्यातून एकदा. म्हणून तर आदल्या दिवशीपासून गोळी बंद."

तेव्हा मास्तरीणबाईंनी तिकिटं मांडली. डॉक्टरांनी ती बारा हातात घेऊन उजेडात धरली. म्हणाले, "सूज मी बघत होतो. पडणं तुम्ही बघत होतात. एका खोलीत बसलो असतो तर..." वाक्य पुरं केलं नाही. बरं केलं.

ठरलं ते असं. अकरा पावलांवरच्या संडासाचं कुलूप काढलं, आजच. उठलेल्या माणसाचा नंबर राहणार. तुमच्या बाजूच्या सगळ्यांच्या गोळ्या डॉक्टर एकेकाला बोलावून परत तपासणार, कुणाची कमी करायची, कुणी तपासणीच्या दिवशी घरी परतल्यावर घ्यायची. प्रत्येकाचं वेगळं, तेव्हा तू दारोदार डॉक्टरीण होऊन फिरू नकोस. आणि दर महिन्याच्या मीटिंगला तुमच्या संस्थेची दहा मिनिटं कायमची. नावं नाहीत, कारणं आणायची.

कंडक्टरांची गोळी कालच कमी केली. मी त्यांची माफी मागितली. म्हणाले, "सिस्टर, तुमच्या भाचीने आधीच भरलाय दंड, झाडाच्या रूपात." हे काय प्रकरण आहे?

पण शुक्रवार अजून बाकी आहे. डॉक्टर म्हणाले, "मुलीसमोर उभं करून बघेन, मगच सांगेन. ती घाबरलीय, तिला नुसतं ठीक आहे म्हणून चालणार नाही." शुक्रवारी मी प्रशिक्षणाला बाहेर आहे. तू बरोबर जा. आणि मला सगळं लिही.

आणि हो, त्या दुरुस्तीच्या कागदाबद्दल ऑफिसात चौकशी चालू आहे. असले उद्योग परत केलेस तर याद राख.

आत्या

१ मार्च, शनिवार

आत्या,

आधी त्या कागदाचं. तो मी लावला नाही. सरबत माझं, बिल्ले कंडक्टरांचे. कागद कुणी लावला याचा मी खूप विचार केला. मग तुझी पत्रं काढली. तुझा 'ह' बघ, शेपटीला वेलांटी घालतेस तू, त्या कागदावरही तसाच आहे. आणि मीटिंग रूम मी बघून आले, तिथे रंगाचा एक थेंबही नाही. मी कुणाला सांगणार नाही. आता मला गुपितं ठेवता येतात.

आता शुक्रवार.

मुलगी सकाळीच आली होती, डोळे सुजलेले, हातात वृद्धाश्रमाचे कागद. बसमध्ये बापलेकींत एक शब्द नाही. मी मधे बसून दोघांना खिडकीबाहेरची झाडं दाखवत होते. हॉस्पिटलात कंडक्टर दोनदा उठून अकरा पावलं गेले आणि आले. नंबर जागेवर. दुसऱ्यांदा येताना माझ्याकडे बघून मिशीला पीळ दिला.

आत डॉक्टरांनी त्यांना झोपवलं, रक्तदाब बघितला. एकदम उभं केलं, परत बघितला. चालवलं, वळवलं, डोळे मिटून उभं केलं. मुलगी पदराचं टोक पिळत होती. डॉक्टर म्हणाले, "गोळी जास्त होत होती. चूक आमचीही होती."

मुलगी म्हणाली, "पण ते खोटं बोलत होते, डॉक्टर. मला वाटलं त्यांचं डोकं चालेनासं झालंय. आई अशीच गेली, आधी विसरायला लागली."

आत्या, मला हे माहीतच नव्हतं. मला वाटत होतं ती दुष्ट आहे.

कंडक्टर खुर्चीवर बसले. आणि त्यांनी स्वतः सांगितलं. बसचं, आवरलं नाही ते, ड्रायव्हरच्या नजरेचं. मुलीकडे न बघता, भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत. शेवटी म्हणाले, "विसरत नव्हतो गं. विसरता येत नव्हतं."

ती रडायलाच लागली. "एवढंच होतं, बाबा? आणि मला नाही सांगितलंत? या पोरीला सांगितलंत?"

"ही रोज बसते गं," कंडक्टर म्हणाले. "घास घेईपर्यंत."

डॉक्टरांनी लिहून दिलं, एकटे राहायला हरकत नाही, तीन महिन्यांनी परत बघू. मुलीने वृद्धाश्रमाचे कागद फाडले नाहीत. घडी करून पर्समध्ये ठेवले. पण मला बाहेर घेऊन विचारलं, "मास्तरीणबाईंचा नंबर देशील? मला रोज कळायला हवं." मी म्हटलं, "आधी बाबांना विचारा, मग देते." तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी शिकलेली आहे.

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले, मी मागे. अर्ध्या वाटेवर कंडक्टर बोलता बोलता गप्प झाले. समोरच्या दांड्यावर बोटं घट्ट. मला ती शांतता कळली. मुलीलाही कळली असावी, तिने हळूच विचारलं, "बाबा?" ते म्हणाले, "काही नाही." बस गच्च भरलेली. अजून चाळीस मिनिटं होती.

आणि मग ते उठले, आत्या. सरळ उभे राहिले, खांदे मागे, आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा त्यांच्या जुन्या आवाजात म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, पुढे पेट्रोल पंपावर गाडी बाजूला घ्या. मला लघवीला जायचंय."

कुणीतरी फिस्सकन हसेल असं वाटलं, मी मुठी आवळून तयार होते. ड्रायव्हर तोच होता, गेल्या वर्षीचा. त्याने आरशात बघितलं. या वेळी नजर काढून घेतली नाही. गाडी बाजूला घेतली.

कंडक्टर उतरले. मुलगी म्हणाली, "थांबा बाबा, मलाही जायचंय." मग मागच्या सीटवरच्या एक बाई उठल्या. मग काठीवाले एक आजोबा, मग हातात एक्स-रेची पिशवी घेतलेला एक तरुण, मग अजून दोघी. पंपावर ही रांग लागली. कंडक्टर दारापाशी उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "सावकाश, सावकाश, कुणाचा नंबर जात नाही."

शेवटी ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि तोही आला. म्हणाला, "अकरा वर्षं या रूटवर आहे, काका. मी पण धरूनच चालवतो."

तुझी
भिंगरी